सँडविचमधला आचार

परदेशी साखळी-उपाहारगृहांविषयी आपल्याकडे एक ठरलेली तक्रार असते. ही दुकाने जिथे जातात तिथल्या खाद्यपरंपरा गिळंकृत करतात, पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या पाककृतींना एका साच्यात कोंबतात, आणि त्या परंपरांचे वारस मुकाट्याने रांगेत उभे राहतात. या तक्रारीत तथ्य आहेच. परंतु अमेरिकेतील एका जुन्या सँडविचची कथा तिच्यात नीट बसत नाही, आणि म्हणूनच ती आपण मुळातून समजून घेतली पाहिजे.

त्या सँडविचचे नाव रूबेन. राय नावाच्या धान्याच्या काळपट, आंबूस पावाच्या दोन कापांमध्ये कॉर्न्ड बीफ म्हणजे खारवून शिजवलेले गोमांस, स्विस चीज, आंबवलेला कोबी आणि गुलाबीसर गोड-आंबट सॉस घालून ते तव्यावर भाजतात. (कॉर्न्ड म्हटले म्हणून त्यात मका नसतो; कॉर्न म्हणजे इथे मिठाचे खडे.) न्यूयॉर्कमधील ज्यू वस्त्यांत जी ‘डेली’ नावाची दुकाने भरभराटीला आली, त्यांची ओळख झालेल्या पदार्थांपैकी हा एक. आज तो महामार्गालगतच्या साखळी-उपाहारगृहांतही मिळतो. 1964 साली ओहायो राज्यातील बोर्डमन येथे राफेल बंधूंनी काढलेल्या आर्बीज या साखळीने तर तो आपल्या यादीत मानाने बसवला आहे.

या दुकानांमागे मोठा इतिहास आहे. 1880 ते 1924 या काळात पूर्व युरोपातून वीस लाखांहून अधिक ज्यू अमेरिकेत आले. त्यांतील असंख्य कुटुंबे न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागातील कोंदट खोल्यांत दाटीवाटीने राहिली. डेली हे त्यांचे दुकानही होते आणि चावडीही. जनावराच्या छातीकडचे मांस चिवट व स्वस्त. ते दिवसेंदिवस खारवणाच्या पाण्यात मुरवायचे, मसाला चोळायचा, तासन्‌तास वाफवायचे आणि हाताने कापून पावात भरायचे. गरिबीने शिकवलेली ही कला होती. 1930 च्या दशकात एकट्या न्यूयॉर्क शहरात ज्यू आहारनियम पाळणारी सुमारे 1500 डेली दुकाने होती. आज ती शोधावी लागतात. स्टेज डेली 2012 मध्ये बंद झाले, 1937 पासून चालत आलेले कार्नेगी डेली 2016 मध्ये. पैकी कार्नेगी, किंवा हाउस्टन स्ट्रीटवर 1888 पासून नांदणारे कॅट्झ हे दुकान, आहारनियम काटेकोरपणे पाळणाऱ्यांत मोडत नाही. अशा दुकानांसाठी तिकडे ‘कोशर पद्धतीचे’ असा एक सोयीस्कर शब्द आहे. कोशर म्हणजे धर्मनियमांना मान्य. आणि ‘पद्धतीचे’ म्हणजे काय, हे ज्याने त्याने समजून घ्यावे!

न्यू जर्सीत आप्तांकडे राहिलो असताना एका साखळी-उपाहारगृहात हे सँडविच मी मांसाविना मागितले. काउंटरवरच्या मुलीने दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि निमूटपणे करून दिले. पैसे मात्र पूर्ण घेतले. पावात शहाजिऱ्याचा ओळखीचा वास होता. कोबीचा आंबटपणा चांगला होता, पण सॉसच्या गोडव्यात तो बुडाला होता. पाव इतका मऊ की दुसऱ्या घासाला दोन्ही काप एकमेकांत मिसळून गेले. तक्रार करावी असे वाईट नव्हते, आठवण ठेवावी असेही नव्हते. गंमत अशी की मांस काढून टाकल्यामुळे मूळ ज्यू नियमाच्या ते थोडे जवळ गेले होते.

कारण ज्यूंच्या आहारधर्मात मांस आणि दुधाचे पदार्थ एकत्र आणणे निषिद्ध आहे. करडाला त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, या तोरामध्ये तीनदा आलेल्या आज्ञेतून हा सारा आचार विस्तारला. भांडी वेगळी, ताटे वेगळी, मांसाहारानंतर दुधाला शिवण्यापूर्वी ठरावीक काळाचे अंतर. मग गोमांसावर चीज वितळवलेले रूबेन हे ज्यू सँडविच कसे? ते ज्यू दुकानांतले आहे, ज्यू आचारातले नाही.

आणि हा नियम साखळी दुकानाने मोडला नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. रूबेनच्या जन्माच्या दोन कथा सांगितल्या जातात. एक न्यूयॉर्कच्या आर्नल्ड रूबेन या उपाहारगृह-मालकाची, 1914 च्या सुमाराची. दुसरी नेब्रास्का राज्यातील ओमाहाची: तिथल्या ब्लॅकस्टोन हॉटेलात 1920 च्या दशकात पत्ते खेळताना रूबेन कुलाकोफ्स्की नावाच्या किराणा व्यापाऱ्याने ते सुचवले म्हणे. खरी कथा कोणतीही असो, दोन्ही रूबेन ज्यूच होते. राफेल बंधूंनी पहिले दुकान उघडले तेव्हा या सँडविचला निदान पस्तीस वर्षे उलटली होती. ज्याला आपण आक्रमण म्हणतो, त्याच्या कितीतरी आधी घरच्यांनीच किल्ली बाहेर ठेवली होती.

साखळी दुकानाला स्वतःचा आचार नसतो. ग्राहकाचा असेल तर ते तो पाळते, नसेल तर विसरते. आपल्याच देशाचे उदाहरण पाहा. हॅम्बर्गरवर जगभर पसरलेली मॅकडोनाल्ड्स 1996 मध्ये भारतात आली ती गोमांस आणि डुकराचे मांस बाहेर ठेवून, शाकाहारी पदार्थांची सोय वेगळी करून. 2001 मध्ये सबवे आली, तिनेही शाकाहारी काउंटर वेगळा मांडला. हे औदार्य नव्हे, हिशेब होता. इथले कोट्यवधी ग्राहक काय खाणार नाहीत, हे त्यांनी आधी मोजले होते. त्याच 2001 साली अमेरिकेत मात्र याच मॅकडोनाल्ड्सच्या बटाट्याच्या काचऱ्यांत गोमांसाचा अर्क असल्याचे प्रकरण न्यायालयात गेले. शाकाहारी व हिंदू ग्राहकांनी दाद मागितली तेव्हा कंपनीने माफी मागितली आणि 2002 मध्ये सुमारे एक कोटी डॉलरची तडजोड केली. कोणी विचारले नसते तर?

ज्यूंच्या बाबतीतही हा प्रयोग होऊन गेला आहे. 2006 मध्ये ओहायोतील क्लीव्हलँडजवळ, ज्यू समाज-केंद्राच्या वास्तूत सबवेचे अमेरिकेतील पहिले कोशर दुकान उघडले. चीज सोयाबीनचे, दुधाचा अंश नसलेले. वर धर्मनियमांची देखरेख. पुढे अशी आणखी काही दुकाने निघाली. कोशर मांस महाग, देखरेखीचा खर्च वेगळा, आणि शनिवारी म्हणजे ऐन गर्दीच्या दिवशी दुकान बंद. त्यांतील बहुतेक काही वर्षांतच मिटली. कंपनी वाकायला तयार होती, परंतु तिला वाकवून ठेवायला पुरेसे लोक नियमाने दारात आले नाहीत. याचा दोष कोणाच्या पदरात टाकावा?

याच नियमाचे दुसरे चित्र आपल्या कोकणात आहे. अलिबाग परिसरातील बेने इस्रायल समाज तेलाच्या घाण्यांवर जगला, मराठी बोलला, आणि शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून लोकांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. दीर्घ काळ इतर ज्यूंशी त्यांचा संबंधही नव्हता. त्यांच्याकडे डेली नव्हती. होती ती स्वयंपाकघरे आणि विळीला लागून असलेली खवणी. मटणाच्या रश्शात दही-दूध चालत नाही ना, मग नारळाचे दूध घाला, आणि जेवणानंतरचा गोड पदार्थही त्याच दुधाचा करा. 1948 नंतर यांतील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. नव्या वर्षाच्या सणाला नारळाच्या दुधात चायना ग्रास शिजवून वड्या पाडलेला हलवा त्यांच्या घरांत तिथेही होतो.