शेवाळाला हवा कळते

पावसाळ्यात सालेकसा तालुक्यातील हाजरा फॉल पाहायला गर्दी होते. दरेकसाच्या डोंगरातले खडक तेव्हा हिरवेगार झालेले असतात. त्या हिरव्या थराची पर्यटकांना ओळख एवढीच, की त्यावरून पाय घसरतो. सगळ्यालाच आपण ‘शेवाळ’ म्हणून मोकळे होतो. पण साचलेल्या पाण्यातले शेवाळ वेगळे आणि ओल्या खडकांवर, झाडांच्या सालीवर वाढणारे मॉस वेगळे. मॉसला इवलेसे खोड असते, पाने असतात. खरी मुळे मात्र नसतात.

ही उणीवच माणसाच्या उपयोगाची आहे. पाऊस, दव, धूळ यांतून जे मिळेल ते मॉस थेट पानांवाटे घेते. बहुतेक मॉसचे पान एकाच पेशीइतके जाड असते. त्यामुळे हवेतले शिसे, कॅडमियम यांसारखे धातू त्यात साठत जातात. युरोपातील अनेक देश १९९० पासून दर पाच वर्षांनी मॉस तपासून हवेतल्या धातूंचा अंदाज घेतात. अमेरिकेतील पोर्टलंड शहरात झाडांवरच्या मॉसमुळेच रंगीत काचेच्या कारखान्यांजवळचे कॅडमियम लक्षात आले. २०१६ मध्ये ते जाहीर झाल्यावर तिथे मोठी खळबळ उडाली.

गोंदिया जिल्ह्यालाही हा स्वस्त पहारेकरी हवा आहे. तिरोड्यात ३,३०० मेगावॅटचा कोळशावरचा वीजप्रकल्प आहे, जिल्हाभर राइस मिल आहेत. हवा मोजणारी यंत्रे महाग असतात. ती गावोगावी बसवणे शक्य नाही. मॉस तपासणे मात्र शक्य आहे. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांनी दरेकसाचे डोंगर, गोंदिया शहर आणि तिरोडा परिसर येथील एकाच जातीच्या मॉसची तुलना करावी. जिथे ते उगवत नाही, तिथे स्वच्छ जागेचे मॉस जाळीच्या पिशवीत भरून टांगता येते.

अर्थात, मॉस रोगाचे निदान करत नाही आणि यंत्राची जागाही घेत नाही. यंत्र आधी कुठे लावावे, एवढे ते दाखवते. त्यासाठी वनविभागाच्या परवानगीने घेतलेले थोडेसे नमुने पुरतात. मात्र तुलनेसाठी डोंगरातले मॉस शाबूत हवे. ते सावकाश वाढते. सहलीला गेल्यावर खडकावर नावे कोरताना काही क्षणांत खरवडले जाते. तो हात आधी थांबायला हवा.