न्याय कंपाउंडबाहेर, हिशेब कंपाउंडच्या आत

संपादक महोदय,



नाताळ जवळ आला की चर्चतर्फे ब्लँकेट, फळे आणि वह्या वाटल्याच्या बातम्या जिल्ह्याच्या पानावर येऊ लागतात. वाटणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. मी त्याच मंडळीतला आहे आणि वाटपाच्या टेबलामागे उभाही राहिलो आहे. पण घेणारा पुढच्या डिसेंबरात पुन्हा त्याच रांगेत दिसणार असेल, तर आपण त्याची थंडी घालवली, अडचण तशीच ठेवली. जालना जिल्ह्यातल्या चर्चच्या मंडळींनी दयेच्या कामालाच न्यायाचे काम समजणे आता थांबवावे, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र.

ही मागणी नवी नाही. जालन्यातल्या ख्रिस्ती कामाची सुरुवातच जमिनीच्या प्रश्नाशी जोडलेली आहे. रेव्ह. नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा १८४३ मध्ये मुंबईत झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला परत जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला, हे मराठी वाचकाला ठाऊक असते. थोरल्या भावाचे पुढे काय झाले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. तो स्कॉटिश मिशनच्या कामासाठी निजामाच्या राज्यात, आपल्या जालन्यात आला. त्याच्याकडे आलेली माणसे मुख्यतः मांग समाजातली होती. गावकीची कामे करायची, त्या बदल्यात मिळेल ते खायचे, आणि कुरकुर केली तर तेही बंद. शेषाद्रींनी ओळखले की या माणसांना नुसता उपदेश पुरणार नाही. त्यांनी निजाम सरकारकडून जमीन मिळवली आणि जालन्याजवळ बेथेल ही वस्ती उभी केली. पायाखाली जमीन आली तरच मान वर करता येते, हे त्या काळच्या एका ब्राह्मण ख्रिस्ती पाळकाला कळले होते.

बेथेलची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती वस्ती गावापासून वेगळी होती आणि तिचा आधार मंडळीत आलेल्यांनाच होता. गाव जिथे होते तिथेच राहिले. त्या काळाच्या मानाने ते पाऊल मोठेच होते, पण आज तेच गिरवून चालणार नाही. आजचा न्याय मिशन कंपाउंडच्या भिंतीबाहेर जायला हवा आणि कोणाला त्यासाठी धर्म विचारता कामा नये.

हे जमते याचे दाखले आपल्या शेजारीच आहेत. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले. गावोगावच्या कमी शिकलेल्या किंवा निरक्षर बायकांना, त्यांत दलित बायकाही आल्या, त्यांनी आरोग्यसेविका केले. पाण्याच्या विंधन विहिरी दलित वस्तीत घेतल्या जातील असे पाहिले, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथेच यावे लागले. शिवाशिव मोडायला त्यांना भाषणाची गरज पडली नाही. या कामाला १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जालना तालुक्यातले कडवंची तर आपण सगळेच अभिमानाने दाखवतो. ते पाणलोटाचे काम विजयअण्णा बोराडे, खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र आणि मुख्य म्हणजे तिथले गावकरी यांचे. पण ज्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून ते झाले, तो महाराष्ट्रात आणण्यात फादर हर्मन बाखर या जेझुइट धर्मगुरूचा पुढाकार होता. आज कडवंचीच्या द्राक्षबागांत फिरताना कोणाच्या मनात धर्मांतराची शंकाही येत नाही. कामाचे श्रेय गावाकडे गेले, आणि ते तसेच जायला हवे होते.

मग आज जालन्यात काय करायचे? दसरा झाला की अंबड, घनसावंगी, मंठा या तालुक्यांतून उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला जातात आणि मुलांची शाळा तिथेच थांबते. हंगामी वसतिगृहांची तरतूद आहे, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही २०२१ मध्ये मंजूर झाली. अडते ते जागेवर आणि विश्वासू माणसांवर. मंडळींकडे या दोन्ही गोष्टी आहेत. मिशनच्या जुन्या इमारती आणि बंद पडलेली बोर्डिंगे हंगामाचे सहा महिने उघडता येतील. स्वयंपाकाला आणि देखरेखीला आपल्या महिला संघातल्या बायका कमी पडणार नाहीत.

दुसरे काम शहरात आहे. इथल्या स्टील कारखान्यांत परप्रांतीय मजूर राबतात. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली मेले. टाळेबंदीत ते जालन्याच्या कारखान्यातून मध्य प्रदेशातल्या घरी पायी निघाले होते. त्यांना एका रात्रीचा आसरा आणि गाडीची नीट माहिती मिळाली असती तर ते रुळांवर झोपले नसते. रविवारी उपासना आटोपल्यावर चर्चचा हॉल आठवडाभर कुलूपबंद असतो. तिथे आठवड्यातून दोन संध्याकाळी मजुरांसाठी टेबल मांडता येईल: रेशनकार्ड दुसऱ्या राज्यात कसे चालते, थकलेल्या मजुरीसाठी अर्ज कुठे करायचा, अपघाताची भरपाई कशी मागायची. मंडळीतले निवृत्त शिक्षक, कारकून आणि नर्स यांना एवढे सहज जमेल.

आता हिशेबाचे. बाहेर न्याय मागणाऱ्याने आधी घर झाडावे. कोणा एका संस्थेकडे माझे बोट नाही. पण मिशनच्या जमिनींचे व्यवहार, भाडेपट्टे आणि वाद राज्यभर ऐकू येतात. विश्वस्त संस्थेची स्थावर मालमत्ता विकायची तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. माझे म्हणणे त्याच्या एक पाऊल पुढचे आहे. प्रत्येक मंडळीने आपल्या जमिनीचा सातबारा, भाडेकरूंची यादी आणि वर्षाचा जमाखर्च चर्चच्या फलकावर लावावा. ही जमीन गरिबांच्या नावावर मिळाली होती, तेव्हा ती कुठे आहे हे गरिबांना दिसले पाहिजे.

जातीचेही तसेच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची ही अट काढण्याची शिफारस केली होती. २०२२ मध्ये न्या. बाळकृष्णन आयोगही नेमला गेला. धर्म बदलला म्हणून मांगवाडा गावाच्या मध्यभागी येत नाही, हे सरकारला ठणकावून सांगायलाच हवे. पण ते सांगताना आपल्या मंडळीत सोयरीक जुळवण्याआधी पूर्वजांची जात कोण विचारते, आणि बाकांवर बायका जास्त असताना कमिटीत पुरुषच का जास्त, यालाही उत्तर तयार ठेवावे लागेल.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला, लोक धर्मांतराचा आरोप करतील. करू द्या. वसतिगृहात प्रार्थनेची सक्ती नसावी, मदतीच्या टेबलावर पत्रके नसावीत, देखरेख समितीत इतर धर्मांची माणसे असावीत. मिशन हॉस्पिटलात जन्मलेली माणसे या शहरात सगळ्या धर्मांत सापडतील, तिथे रुग्णाला कोणी बाप्तिस्म्याचा दाखला विचारला नाही. दुसरा, आपण मूठभर आहोत. आरोळे दोघेच होते. तिसरा, हे राजकारण आहे, पाळकाने वेदी सांभाळावी. फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईत हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले तेव्हा त्यांनाही हेच ऐकवले गेले. तरी २०२० च्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले. आणि मेंढपाळ संदेष्टा आमोस गरिबाला नाडणाऱ्या श्रीमंतांवर बरसला, तो ज्या पवित्र शास्त्रात आहे ते आपण दर रविवारी वाचतो.

म्हणून जिल्ह्यातल्या सर्व मंडळींनी, प्रोटेस्टंट असोत की कॅथलिक, येत्या वार्षिक सभेत तीन ठराव मांडावेत. हंगामापुरते एक वसतिगृह उघडावे, मजुरांसाठी मदतीचे एक टेबल सुरू करावे आणि मालमत्तेचा हिशेब फलकावर लावावा. पहिल्या दोन ठरावांना हात भराभर वर होतील. तिसऱ्याला किती होतात, त्यावरून आपल्याला न्याय खरोखर हवा आहे की नाही ते कळेल.

आपला,
मंडळीतला एक वाचक, जालना