लाल रुमालाची गोष्ट

अमेरिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच इमारती उभ्या राहतात. अ‍ॅपलाचिया हा तिथला डोंगराळ, कोळसा खाणींचा मुलूख काही येत नाही. खुद्द अमेरिकेतल्या शहरी लोकांनाही तो टिंगलीपुरताच ठाऊक असतो. तिथल्या गरिबांना ‘रेडनेक’ म्हणजे अडाणी, रानटी म्हणून हिणवले जाते. या मुलखावर अलीकडे तरुण वाचकांसाठी ज्या कादंबऱ्या लिहिल्या जात आहेत, त्यांची दखल कामगार चळवळीने घ्यायला हवी.

अँड्र्यू जोसेफ व्हाइट यांची ‘कम्पाउंड फ्रॅक्चर’ ही २०२४ सालची कादंबरी पाहा. मायल्स अ‍ॅबरनॅथी हा वेस्ट व्हर्जिनियातला सोळा वर्षांचा, स्वतःला समाजवादी म्हणवणारा मुलगा. शंभर वर्षांपूर्वी त्याच्या खापरपणजोबाने खाणकामगारांचे बंड उभारले आणि कायद्याच्या रखवालदारांनी त्याला चारचौघांदेखत ठार केले. तेव्हापासूनचे वैर अजून चालू आहे. तिथला शेरीफ म्हणजे निवडून येणारा पोलीसप्रमुख. त्याला निवडणुकीत पाडायला निघालेल्यांवर एक ‘अपघात’ ओढवतो. त्यात मायल्सचे वडील जखमी होतात, इतर काही जण मरतात. त्याचा पुरावा मायल्सजवळ आहे हे कळताच शेरीफचा मुलगा आणि त्याचे मित्र मायल्सला मरणाच्या दारापर्यंत मारतात. मायल्स मुलगी म्हणून जन्मला, पण तो मुलगा आहे. हे त्याने त्याच रात्री आईवडिलांना सांगितलेले असते.

कोणी म्हणेल, गोष्ट भडक आहे. पण घडलेला इतिहास कमी भडक नाही. १९ मे १९२० रोजी मेटवान गावी कोळसा मालकांचे भाडोत्री हेर रेल्वेने उतरले. युनियनमध्ये गेलेल्या कामगारांच्या कुटुंबांना कंपनीच्या घरांतून त्यांनी बाहेर काढले. आपल्याकडे १९७४ च्या रेल्वे संपात ज्यांचे सामान क्वार्टरबाहेर फेकले गेले, त्यांना हे समजावून सांगायला नको. गावचा पोलीसप्रमुख सिड हॅटफील्ड कामगारांच्या बाजूने उभा राहिला. गोळीबारात सात हेर, दोन खाणकामगार आणि गावचा महापौर असे दहा जण पडले. १ ऑगस्ट १९२१ रोजी निःशस्त्र हॅटफील्डला कोर्टाच्या पायऱ्यांवर गोळ्या घालण्यात आल्या. शिक्षा कोणालाच झाली नाही.

मग सुमारे दहा हजार खाणकामगार गळ्यात लाल रुमाल बांधून निघाले. ब्लेअर माउंटनवर त्यांना शेरीफ डॉन चाफिनच्या फौजेने अडवले. चाफिनला पैसा कोळसा मालकांचा होता. भाड्याच्या विमानांतून कामगारांवर बॉम्ब टाकले गेले. सरकारी लष्कर आले तेव्हा लढाई थांबली. त्या राज्याच्या शाळांत ही हकीकत कित्येक वर्षे शिकवली गेली नाही. त्या लाल रुमालांमुळे कामगारांना ‘रेडनेक’ म्हणत. आज तो शब्द शिवी होऊन बसला आहे. आजोबांचा लढा विसरायला लावला की नातवाला स्वतःची लाज वाटू लागते. मायल्सला ती वाटत नाही, कारण त्याच्या घराने तो लढा विसरू दिलेला नाही.

काही जुने साथी विचारतील, लढा वर्गाचा असताना मुलगा की मुलगी हा प्रश्न मध्ये कशाला? त्यांनी त्या मोर्च्याकडे पाहावे. त्यात गोरे होते, काळे होते, इटलीहून आलेले होते. ही माणसे एक होणार नाहीत असा मालकांचा हिशेब होता. युनियनने त्यांना एका रांगेत बसवले म्हणून तो चुकला. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३८ साली मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांना बजावले होते की ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू आहेत. जी युनियन आपल्याला अर्धा माणूस धरते, तिच्यासाठी कोण छाती पुढे करील?

एका बाबतीत मात्र सावध राहायला हवे. मायल्सच्या हातून, मारायचे नसताना, त्या टोळीतला एक मुलगा मरतो. तरुण वाचकाला सूड गोड वाटू शकतो. पण डोक्याला डोके हा शेरीफचा खेळ आहे. बंदुका, तुरुंग आणि कोर्ट त्याच्या हाती असतात. १९२१ मध्येही बंदुका अपुऱ्या पडल्या आणि नंतरच्या वर्षांत युनियन मोडकळीस आली. १९३३ साली संघटनेचा हक्क कायद्यात आला तेव्हा त्याच खोऱ्यांतले कामगार काही महिन्यांत हजारोंनी सभासद झाले. कादंबरीचाही जीव यातच आहे की मायल्स एकटा राहत नाही. शेरीफच्या टाचेखालून सुटू पाहणारे इतरही त्याला भेटतात.

कम्पाउंड फ्रॅक्चर म्हणजे हाड मोडून कातडी फाडून बाहेर येते ते. अशी जखम झाकून भरत नाही. साथींनो, आज घरी गेल्यावर मुलांना विचारा, आपल्या घरातले कोण कोणत्या संपात होते. उत्तर आले नाही तर दोष मुलांचा नाही. जेवायला बसल्यावर तुम्हीच सांगायला सुरुवात करा.