दोष शेवटच्या घासाचा नसतो

पोट बिघडले की माणसाचे पहिले बोट ताटाकडे जाते आणि ताटातही अगदी शेवटी खाल्लेल्या पदार्थाकडे. दुपारी वाटीभर दही खाल्ले, अर्ध्या तासात पोटात कळ आली, शौचास धावावे लागले; झाले, दही कायमचे बंद! पुढच्या आठवड्यात पेरूची पाळी, त्यानंतर तुरीच्या वरणाची, मग पालेभाजीची. वर्षभरात असे दहा-बारा पदार्थ ताटातून हद्दपार होतात आणि तरीही तक्रार जिथल्या तिथे राहते. ताटात उरतो तो मऊ भात, वजन उतरत जाते, दंड-मांड्यांतील ताकद कमी होते आणि लग्नकार्याला जायचे म्हटले तरी मनात धास्ती बसते. 'इरिटेबल बॉवेल सिंड्रोम' अर्थात आयबीएस या विकारात आतड्यांना जेवढा त्रास होतो, तेवढाच त्रास कित्येकदा अशा अंदाजपंचे पथ्याने होतो. म्हणूनच आपल्याला नेमके काय सोसत नाही हे पद्धतशीरपणे कसे शोधावे, याचा विचार या वेळी करू.

आधी निदान, मग पथ्य

आयबीएसमध्ये आतड्याला जखम, सूज अथवा गाठ नसते. बिघडलेली असते ती आतड्याची चाल आणि त्याची संवेदना. सर्वसामान्य माणसाला जाणवणारही नाही एवढ्या वायूने या रुग्णाचे पोट दुखते. २०१६ साली निश्चित झालेल्या 'रोम ४' या निकषांनुसार, गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोट दुखत असेल आणि त्या दुखण्याचा शौचाशी, शौचाच्या वेळांतील बदलाशी वा मलाच्या स्वरूपातील बदलाशी, या तिहींपैकी किमान दोहोंशी संबंध असेल, तर आयबीएस मानले जाते. तक्रारीचा आरंभ किमान सहा महिन्यांपूर्वी झालेला असावा लागतो.

ज्येष्ठ वाचकांनी येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. हा विकार बहुधा तरुणपणी किंवा मध्यम वयात सुरू होतो. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच शौचाची सवय बदलली असेल, तर तिला आपणहून आयबीएस म्हणू नये. मलातून रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे, रक्तक्षय, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, घराण्यात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास, यांपैकी काहीही असल्यास आधी डॉक्टरांकडे जावे. आहाराचे प्रयोग नंतर. स्त्रियांनी आणखी एक खूण लक्षात ठेवावी. पन्नाशीनंतर ओटीपोट सतत फुगलेले राहू लागले, तर बीजाशयाची तपासणी करून घेणे आवश्यक असते.

गहू बंद करण्याचा विचार असेल, तर त्यापूर्वी सीलिअ‍ॅक या विकाराची रक्ततपासणी करावी. गहू आहारात असतानाच ती तपासणी विश्वसनीय ठरते. गहू सोडून काही महिने लोटले की तिचा निष्कर्ष फसवा निघू शकतो.

शेवटचा घास निर्दोष का असतो?

अन्न जठरात उतरू लागताच मोठ्या आतड्याला हालचालीचा इशारा मिळतो. ही निसर्गाची व्यवस्था आहे आणि सकाळच्या चहानंतर शौचास लागते ती याचमुळे. आयबीएसमध्ये हा प्रतिसाद तीव्र असतो. जेवण मोठे आणि तेलातुपाचे असेल, तर तो आणखी वाढतो. म्हणजे जेवता जेवता किंवा जेवणानंतर लगेच जी कळ येते, ती बहुतेक वेळा 'जेवण' या क्रियेची असते; त्या जेवणातल्या दह्याची किंवा भाजीची नसते.

याउलट ज्या पदार्थांमुळे वायू धरतो, त्यांची करणी उशिरा दिसते. काही शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या मोठ्या आतड्यात पोचल्या की तेथील जिवाणू त्यांना आंबवतात आणि वायू तयार होतो. शिवाय यांतील काही शर्करा आतड्यात पाणी ओढून घेतात. अन्नाला तेथवर पोचण्यास साधारणपणे चार ते सहा तास लागतात. दुधासारख्या पातळ पदार्थाचा परिणाम थोडा लवकर जाणवतो, तर बद्धकोष्ठ असणाऱ्याला दुसऱ्या दिवशीही जाणवू शकतो. संध्याकाळी पोट गुबारले तर सकाळच्या न्याहारीची चौकशी करावी, ती या कारणाने.

संशयितांची ओळख

अशा आंबणाऱ्या शर्करांच्या समूहाला 'फॉडमॅप' हे संक्षिप्त नाव आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील मोनॅश विद्यापीठात पीटर गिब्सन आणि सू शेपर्ड यांनी २००५ मध्ये ही संकल्पना मांडली. नाव परके असले, तरी आपल्या स्वयंपाकघराला विषय परका नाही. हरभऱ्याची डाळ, वाल, चवळी, राजमा यांना आपल्या आज्या 'वातूळ' म्हणत, तो अनुभव याच शर्करांचा होता.

आपल्या ताटातील मुख्य संशयित असे: कांदा, लसूण आणि गहू यांतील फ्रुक्टन, कडधान्ये व डाळींतील शर्करा, दुधातील लॅक्टोज, आंबा, सफरचंद, कलिंगड यांतील फळशर्करा, फ्लॉवर आणि अळंबी यांतील मॅनिटॉल. 'शुगर-फ्री' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या, मिठाया आणि काही पातळ औषधे यांत सॉर्बिटॉल असते. मधुमेही ज्येष्ठांच्या पोटात ते नकळत जाते.

तांदूळ, ज्वारी, नाचणी, बटाटा, गाजर, काकडी, पालक, मेथी, पपई, संत्रे हे पदार्थ बेताच्या प्रमाणात बहुतेकांना सोसतात. पोळी सोसत नसेल त्याच्यासाठी भाकरी ही काही शिक्षा नव्हे.

फ्रुक्टन पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही, हेही उपयोगी आहे. आमटीत उकळलेला कांदा वेचून बाजूला काढला, तरी त्यातील फ्रुक्टन रश्श्यात उतरलेले असते. मात्र तेलात लसणीच्या अख्ख्या पाकळ्या परतून काढून टाकल्या आणि मग त्या तेलात फोडणी केली, तर स्वाद राहतो आणि त्रास टळतो. असे तेल रोजच्या रोज ताजे करावे, साठवून ठेवू नये. हिंगाची चिमूट आणि कांद्याच्या पातीचा केवळ हिरवा भाग हेही चांगले पर्याय आहेत. कडधान्ये रात्रभर भिजवून ते पाणी टाकून दिल्यास त्यांचा वातूळपणा काहीसा उतरतो.

फॉडमॅपच्या बाहेरचे संशयितही आहेत: तिखट, तळण आणि दिवसभरातील चहा-कॉफीच्या फेऱ्या.

दोन आठवड्यांची वही

पहिले दोन आठवडे आहारात काहीही बदलू नये, फक्त नोंद करावी. साधी वही पुरे. खाल्ल्याची वेळ, पदार्थ आणि त्याचे प्रमाण. त्रासाची वेळ आणि शून्य ते दहा या मापात त्याची तीव्रता. शौचाची वेळ आणि मलाचे स्वरूप, म्हणजे खडे, घट्ट, मऊ की पातळ. यांबरोबर तीन रकाने असे ठेवावेत, जे बहुतेकजण विसरतात: झोप, मनावरील ताण आणि औषधे.

औषधांचा रकाना ज्येष्ठांसाठी विशेष महत्त्वाचा. मधुमेहावरील मेटफॉर्मिनने पोट सैल होऊ शकते. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी मलावरोध होतो. मॅग्नेशियम असलेल्या आम्लपित्ताच्या औषधाने जुलाब होतात. प्रतिजैविकांचा परिणाम ती संपल्यावरही काही दिवस टिकतो. गोळीचा दोष वांग्याच्या माथी मारला जात नाही ना, हे वही सांगते. तसा संशय आल्यास गोळी आपणहून बंद करू नये. वही घेऊन डॉक्टरांकडे जावे.

वगळणे आणि परत घेणे

वहीत जो पदार्थ पुन्हा पुन्हा त्रासाच्या आधी दिसतो, तो पहिला संशयित. एका वेळी एकच गट वगळावा. आपल्याकडे अनेक घरांत कांदेनवमीला कांदा मनसोक्त खाऊन चातुर्मासात तो वर्ज्य करतात. अशा घरांना वाटेल की हा प्रयोग दरवर्षी आपसूकच होतो. पण त्याच दिवसांत उपवास वाढतात, साबुदाण्याची खिचडी, दाण्याचे कूट, तळलेले वडे पोटात जातात, जेवणाच्या वेळा बदलतात. मग सुधारणा झाली वा बिघाड झाला, तर श्रेय कोणाचे? बाकी सर्व पूर्ववत ठेवून एकच गोष्ट बदलली, तरच उत्तर मिळते.

वगळण्याची मुदत चार आठवडे. एवढ्या अवधीत फरक पडला नाही, तर तो पदार्थ निर्दोष समजून ताटात परत घ्यावा. ही पायरी गाळली जाते आणि म्हणूनच वर्ज्य पदार्थांची यादी केवळ वाढतच जाते.

फरक पडला, तरी काम अर्धेच झाले. आता तो पदार्थ तीन दिवस वाढत्या प्रमाणात घेऊन पाहावा. उदाहरणार्थ गहू: पहिल्या दिवशी अर्धी पोळी, दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी दोन. त्रास झाला, तर तेथेच थांबावे आणि पोट पूर्ववत झाल्यावर, किमान तीन दिवसांनी, पुढचा पदार्थ तपासावा. यातून बहुधा 'चालते' किंवा 'चालत नाही' असे टोकाचे उत्तर येत नाही. एक पोळी चालते, तीन चालत नाहीत, असे मर्यादेचे उत्तर येते. चहातले दोन-चार चमचे दूध सोसते, पेलाभर सोसत नाही. शिवाय एकाच दिवशी पोळी, कांद्याची भाजी आणि आंब्याचा रस एकत्र आले, तर प्रत्येकाचे प्रमाण थोडे असूनही बेरीज मोठी होते. मर्यादा कळली की बंदी उठते.

सर्व फॉडमॅप एकदम बंद करण्याचा कडक आहार फक्त आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली आणि तोही थोड्या आठवड्यांपुरताच घ्यावा. ज्यांचे वजन आधीच कमी आहे, ज्यांना इन्सुलिन चालू आहे किंवा भूक मंदावली आहे, त्यांनी तो स्वतःहून मुळीच करू नये. डाळ आणि दूध दोन्ही सुटले, तर शाकाहारी ज्येष्ठाला प्रथिने आणि कॅल्शियम मिळणार कोठून, हा प्रश्न पदार्थ वगळण्याआधी सुटलेला असावा.

तंतूंबाबतही विवेक हवा. गव्हाच्या कोंड्याने अनेकांचे पोट अधिक फुगते. इसबगोल बहुधा सोसते. ते अल्प प्रमाणापासून सुरू करावे आणि पेलाभर पाण्यासोबत घ्यावे. ज्यांना गिळताना अडचण होते, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

वही शक्यतो ज्याचे पोट त्यानेच लिहावी. दुसऱ्याने ताटावर पहारा ठेवला की जेवणाची भीती वाढते, आणि मेंदू व आतडे यांचे नाते इतके निकटचे आहे की भीतीनेही कळ येते. 'बघा, सांगत होते ना, खाऊ नका म्हणून' हे वाक्य घरातून रजेवर पाठवावे. त्याऐवजी, 'आज किती त्रास झाला, लिहून ठेवूया' एवढे म्हटले तरी पुरते.

स्मृतिभ्रंशामुळे जे सांगू शकत नाहीत, त्यांच्यासाठी वही तुम्ही लिहायची. पोटावर हात ठेवणे, जेवणानंतर अस्वस्थ होऊन फेऱ्या मारणे, ताट सारून देणे, यांचीही नोंद करावी. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला बरेच दिवस शौचास होत नसेल आणि मग अचानक पातळ मल झिरपू लागला, तर तो जुलाब समजून शौच बांधणारे औषध देऊ नये. आत घट्ट मल साचून त्याच्या कडेने पातळ भाग वाहत असण्याची शक्यता असते; डॉक्टरांनी तपासणे आवश्यक आहे.

घरात एकासाठी वेगळा स्वयंपाक करावा लागतो, ही तक्रार खरी आहे. पण वही पुरी झाली, तर वेगळेपण फार थोडे उरते. सर्वांच्या आमटीतून एक वाटी कांदा घालण्यापूर्वी काढून ठेवायची, दोन पोळ्यांऐवजी एक पोळी आणि एक भाकरी वाढायची, इतकेच. घरातल्या वडीलधाऱ्यांनी सर्वांच्या पंगतीत बसून जेवावे, हा या साऱ्या खटाटोपाचा हेतू आहे. तेव्हा या पंधरवड्यात एकही पदार्थ सोडू नका. फक्त एक वही आणा, आणि आजच्या रात्रीच्या जेवणापासून लिहू लागा.