तारखेची चौकट आणि शिवणीतली माया



लोणच्या-मसाल्यांची पत्रं या आठवड्यात बाजूला ठेवते. सातारा जिल्ह्यातल्या एका भगिनीचं पत्र आलंय, ते आधी घ्यायला हवं, कारण त्यांच्या हातात दिवस थोडे आहेत.

या ताई ब्लाउज-परकर शिवून घर चालवतात. लेक बारावी झाली, तिला पुण्याला शिकायला पाठवायचंय. वसतिगृहाचा अर्ज संगणकावरच भरायचा होता. घरी एक जुना संगणक आहे, बंद पडलेल्या एका कचेरीतून स्वस्तात घेतलेला. शेवटच्या दिवशी रात्री, भांडीकुंडी आवरून, मायलेकी बसल्या. नाव झालं, गुण झाले, आणि जन्मतारखेच्या चौकटीपाशी गाडी अडली. १५/०६/२००७ लिहिलं. तांबड्या अक्षरांत उत्तर आलं, 'तारीख चुकीची आहे'. ठिपके देऊन लिहिलं, महिन्याचं नाव घालून लिहिलं, तरी तेच. बारा वाजले आणि अर्ज बंद झाला. लेकीच्या मैत्रिणीने तोच अर्ज आधीच मोबाइलवर भरला होता. तिला विचारलं तर ती म्हणते, "अगं, तिथे बोट ठेवलं की कॅलेंडर उघडतं की!"

ताई लिहितात, 'घरात सगळे म्हणाले, तुला संगणकातलं काय कळतं. मलाही वाटलं, माझ्या अडाणीपणापायी पोरीचं वर्ष जातंय.'

ताई, आधी हे डोक्यातून काढून टाका. तुमची तारीख बरोबर होती. काय झालं ते तुमच्याच धंद्याच्या भाषेत सांगते, बाकीच्यांनीही ऐका, कारण हे आज ना उद्या प्रत्येकीच्या वाट्याला यायचंय.

आपण पडद्यावर जे पान बघतो ते तयार होऊन येत नाही. दुरून येते ती नुसती मापांची चिठ्ठी. ती वाचून पान शिवणारा शिंपी आपल्या घरातच असतो, त्याचं नाव ब्राउझर. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज हे सगळे शिंपीच. चिठ्ठी एकच, पण प्रत्येकाने ती तशीच वाचली तरच सगळीकडे कपडा सारखा उतरणार. तुमच्या अर्जाच्या चिठ्ठीत लिहिलं असणार, 'इथे तारखेची चौकट'. ही चौकट क्रोमला २०१२ पासून येते. फायरफॉक्स २०१७ मध्ये शिकलं, ॲपलच्या संगणकावरचं सफारी २०२१ मध्ये. आणि तुम्ही पाठवलेल्या फोटोत कोपऱ्यात जो निळा 'ई' दिसतोय, तो इंटरनेट एक्सप्लोरर. तो ही चौकट कधी शिकलाच नाही. न समजलेली चौकट ब्राउझर साधी, कोरी दाखवतो, तशी त्याने दाखवली. पलीकडे मात्र तारीख ठरलेल्या एकाच पद्धतीने हवी असते: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये आडव्या रेघा. म्हणजे २००७-०६-१५, आणि तीसुद्धा इंग्रजी आकड्यांत. हे त्या चौकटीशेजारी एका ओळीत लिहिलं असतं तर तुमचं काम दोन मिनिटांत झालं असतं. लिहिणाऱ्याने आपल्याच संगणकावर पान तपासलं, तिथे कॅलेंडर उघडलं, आणि तो जेवायला गेला. माझ्या मते दोष असेल तर तो त्याचा.

तुम्ही म्हणाल, एवढे शिंपी, मग सगळ्यांना एक शिकवण का नाही? आहे तर! वेब ज्यांनी उभं केलं त्या टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत पहिला ब्राउझर लिहिला, आणि १९९४ मध्ये सगळ्यांनी पाळायचे नियम ठरवायला वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही संस्थाही काढली. पण नियम कागदावर येईपर्यंत बाजारात दोन बड्या दुकानांची चढाओढ लागली होती. एक नेटस्केप, दुसरं मायक्रोसॉफ्टचं इंटरनेट एक्सप्लोरर. एकाने अक्षरं लुकलुकवायची युक्ती काढली, दुसऱ्याने अक्षरं सरकवायची. एकाकडे चालणारं पान दुसऱ्याकडे मोडायचं, मग पानांच्या तळाशी पाट्या लागल्या, 'हे पान अमुक ब्राउझरमध्येच पाहावे'.

यातली एक गंमत तुम्हा शिवणाऱ्यांना फार आवडेल. चौकटीची रुंदी ३०० म्हटली, आतली मोकळी जागा दोन्हीकडे २० आणि काठ दोन्हीकडे ५. आता एकूण रुंदी किती? १९९६ च्या नियमानुसार ३५०, म्हणजे माप वेगळं आणि शिवणीतली माया वेगळी. जुना एक्सप्लोरर म्हणायचा ३००, माया मापातच धरायची. झालं! एकाच चिठ्ठीवरून एकाकडे पान नीट बसे, दुसऱ्याकडे शेवटचा रकाना घसरून खाली पडे. पान लिहिणारे बिचारे दोघांसाठी दोन मापं चोरून लिहीत. एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली, तिने नियमाचं माप मानलं, पण चिठ्ठीच्या डोक्यावर ठराविक ओळ असली तरच. आणि पुढे काय झालं असेल? माया मापातच धरायची सोय नियमांतच घातली गेली, आणि आज बहुतेक लोक तीच वापरतात. सासूबाईंचंच खरं निघालं म्हणायचं.

दुसरी गंमत नावाची. नेटस्केपचं टोपणनाव मोझिला. काही पानं विचारायची, 'कोण आलंय?' आणि 'मोझिला' असं उत्तर आलं तरच चांगलं ताट वाढायची. म्हणून एक्सप्लोररही 'मी मोझिलाच' म्हणत आत शिरला. पुढे येणाऱ्या बहुतेकांनी तेच केलं. आजही क्रोम दारात उभं राहून आधी मोझिला म्हणवतं, मग सफारीचं नाव सांगतं आणि मध्येच स्वतःचं.

गंमत इथे संपते. या चढाओढीत नेटस्केप हरलं, जवळजवळ सगळे संगणक एक्सप्लोररच्या हाती गेले, आणि सहावी आवृत्ती काढून मायक्रोसॉफ्ट पाच वर्षं स्वस्थ बसलं. सातवी थेट २००६ मध्ये. मधल्या काळात, २००४ च्या नोव्हेंबरात, फायरफॉक्स आलं म्हणून हालचाल झाली.

एकाच शिंप्यावर गाव टाकलं की काय होतं ते दक्षिण कोरियाने भोगलं. तिथे १९९९ मध्ये संगणकावरच्या सहीचा कायदा झाला. बँकेच्या आणि खरेदीच्या व्यवहारासाठी जे सरकारमान्य प्रमाणपत्र लागे, ते चालवणारं जोडकाम फक्त एक्सप्लोररमध्ये बसे. वर्षानुवर्षं दुसरा ब्राउझर वापरणाऱ्याला तिथे बँकेचं दारच बंद. २०१४ मध्ये 'माय लव्ह फ्रॉम द स्टार' ही मालिका चीनमध्ये अतोनात गाजली. नायिकेच्या अंगावरचा कोट चिनी बायकांना हवा होता, पैसे द्यायला त्या तयार होत्या, पण कोरियन दुकानांत त्यांना तो घेता येईना. अखेर खुद्द राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांनी मार्चमधल्या बैठकीत हा विषय काढला. एका कोटापायी देशाचे नियम हलले! त्या प्रमाणपत्राची मक्तेदारी मात्र २०२० च्या डिसेंबरातच संपली.

आपण मराठी बायकांनी याचा चटका थोडा वेगळ्या रीतीने सोसलाय. २००० च्या आसपास माझी नणंद परदेशी होती. मराठी वर्तमानपत्र उघडायची तर पडद्यावर उलटे स्वल्पविराम आणि रोमन अक्षरांचा काला. प्रत्येक वर्तमानपत्राची अक्षरं वेगळी, ती आधी उतरवून घ्यायची, आणि पानासोबत अक्षरं पाठवायची तर नेटस्केपला एका साच्याची लागत, एक्सप्लोररला दुसऱ्या. तिच्या आईचं आजारपण चालू असताना ती इथल्या बातम्यांसाठी तळमळायची, आणि पडद्यावर 'क' सुद्धा 'क' दिसत नसे. युनिकोड सगळीकडे रुळलं तेव्हा हा जाच सुटला.

एक्सप्लोररचा मुख्य आधार १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने काढून घेतला. आता पारडं क्रोमकडे झुकलंय. ऑपेराने २०१३ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टच्या एजने २०२० मध्ये क्रोमच्याच जातीचं इंजिन घेतलं. मोठ्या कंपन्या २०२२ पासून दरवर्षी एकत्र बसून कोणती चौकट कुणाकडे वेगळी उतरते ते निस्तरताहेत, हे चांगलंच आहे. पण पाटी 'क्रोममध्येच पाहावे' अशी बदलली म्हणून मला काही आनंद वाटत नाही.

आता घरात काय ठेवावं? दोन ब्राउझर, पण दोन जातींचे. क्रोम आणि एज ठेवून उपयोग नाही, इंजिन एकच. क्रोमच्या जोडीला फायरफॉक्स ठेवा. एकात बटण दिसलं नाही, चौकट उघडली नाही, की तेच पान दुसऱ्यात उघडा. आपल्याकडच्या आयफोनवर मात्र नाव कुठलंही असो, आत सफारीचंच इंजिन असतं, तेव्हा तिथे अडलं तर घरातला दुसऱ्या कंपनीचा फोन मागा. बटण दिसत नसेल तर पान आधी लहान करून बघा, पुष्कळदा ते कडेबाहेर घसरलेलं असतं. आणि पानाने 'हे उतरवून घ्या, मग चालेल' म्हटलं तर कोणाला तरी विचारल्याशिवाय काही उतरवू नका. पैसे भरण्याचं बटण दाबून चाक फिरत राहिलं तर पुन्हा दाबू नका, आधी खात्यात बघा.

ताई, तुमच्या संगणकावर विंडोज ७ आहे, त्याची डागडुजी मायक्रोसॉफ्टने २०२० च्या जानेवारीत थांबवली. त्यावर बँकेचं काम अजिबात नको, हिशेब आणि मापं लिहायला तो चांगला आहे. तुम्ही कळवलंय की दुसऱ्या यादीसाठी अर्ज पुढच्या सोमवारी उघडतोय. तो मोबाइलवर, क्रोममध्ये भरा, आणि सोमवारीच भरा. कागदपत्रांचे फोटो रविवारी काढून ठेवा, त्यांचा आकार किती चालतो ते सूचनेत बघून. भरून झालं की शेवटच्या पानाचा फोटो घ्या, अर्जाचा क्रमांक वहीत लिहा. शिवाय वसतिगृहाच्या कचेरीला दोन ओळी लिहा: कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठल्या ब्राउझरमध्ये तारखेची चौकट अडली. सोबत तो तांबड्या अक्षरांचा फोटो जोडा. विनवणी करू नका, तक्रार म्हणूनच लिहा. पत्राची एक प्रत लेकीकडे राहू द्या, आणि सोमवारी रात्री मला एक ओळ टाका.