इमारत नको, माणूस द्या

परदेशस्थ बांधवांनी निधी जमवून महाराष्ट्रात एक भव्य व्यसनमुक्ती केंद्र उभारावे, असा प्रस्ताव सध्या आपल्या मंडळींत चर्चिला जात आहे. हेतू उदात्त आहे, यात शंका नाही. तथापि वैद्यकीय पदवी घेऊन तीस वर्षे रुग्णांच्या खाटांजवळ काढलेल्या आम्हांस या प्रस्तावास विरोध करणे कर्तव्य वाटते.

प्रथम आमचाच गुन्हा कबूल करतो. महाराष्ट्रातील एका सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टर असताना एक सफाई कामगार आमच्या वॉर्डात तीनदा दाखल झाला. डोळे पिवळे, पोटात पाणी. तिन्ही वेळा आम्ही पाणी काढले, औषधे दिली आणि कार्डावर स्वतःच्या हस्ताक्षरात ‘दारू बंद’ असे दोन शब्द लिहिले. ती बंद कशी करावी, कोणाकडे जावे, हे लिहिले नाही. कारण ते आम्हांसच ठाऊक नव्हते. गटारात उतरण्यापूर्वी दुर्गंधी सहन व्हावी म्हणून तो पीत असे, हे त्याच्या पत्नीने सांगितले. आम्ही नुसते ऐकून घेतले. चौथ्या खेपेस ती एकटीच आली. तिला नवऱ्याच्या कार्यालयात देण्यासाठी आजाराचा दाखला हवा होता.

आपल्यातील काही जण म्हणतात, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती मोडणाऱ्यास उपचार कसले द्यावयाचे? आमचे उत्तर स्पष्ट आहे. प्रतिज्ञा हे निरोगी माणसाचे कवच आहे, रुग्णाचे औषध नव्हे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने भावनेच्या भरात एकाएकी दारू तोडली, तर पहिल्या दोन दिवसांत त्यास फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रमिष्टावस्था येऊन तो दगावूही शकतो. अशा वेळी देखरेख, योग्य औषधे आणि थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व लागते. केवळ शपथ देऊन त्यास घरी धाडणारा कार्यकर्ता नकळत त्याचा जीव धोक्यात घालतो.

मग केंद्राची इमारत का नको? कारण शरीरातील दारू काही दिवसांत उतरते, माणूस उभा राहण्यास मात्र वर्षे लागतात; आणि ती वर्षे इमारतीबाहेर जातात. याचा दाखला आपल्या योकोहामातच आहे. पर्यटकांनी गजबजलेल्या चायनाटाउनपासून चालत काही मिनिटांवर कोतोबुकी-चो आहे. बंदरात रोजंदारीवर राबलेल्या हमालांची ही वस्ती. ‘डोया’ नावाच्या स्वस्त निवासांत जेमतेम तीन चटयांची एकेक खोली. आज तेथील बहुसंख्य रहिवासी वृद्ध, एकाकी आणि सरकारी निर्वाह-साहाय्यावर जगणारे आहेत. दारूने ही वस्ती पोखरली. तेथे कोणी राजवाडा बांधला नाही. तेथे साखळी बांधली गेली. वॉर्ड कार्यालयातील समाजसेवक खोलीच्या भाड्याची व पोटापाण्याची सोय पाहतो. दवाखाना यकृत आणि क्षय पाहतो. ‘कोतोबुकी अरुकु’ या केंद्रात दारूतून बाहेर पडलेली माणसेच नव्या माणसास हात देतात. अधिक उपचारांसाठी याच प्रांतात योकोसुका येथे कुरिहामाचे रुग्णालय आहे. तेथे १९६३ साली जपानमधील पहिला खास मद्यासक्तांचा विभाग सुरू झाला, तोही कुलपाविना. त्याच वर्षी दान्शुकाई या मद्यत्यागी मंडळांचा देशव्यापी संघ स्थापन झाला. या मंडळांच्या सभांत पतीशेजारी पत्नीही बसते.

जपान काही स्वर्ग नव्हे. येथे कोपऱ्यावरच्या दुकानात मध्यरात्रीही दारू मिळते, आणि अमली पदार्थ घेणाऱ्यास डॉक्टरआधी पोलीस भेटतो. तरीही २०१३ साली संमत झालेल्या मद्यविषयक कायद्याने एक गोष्ट मान्य केली : मद्यासक्तीवरील उपाय हे मद्यधुंद वाहनचालन, हिंसाचार आणि आत्महत्या यांवरील उपायांशी जोडलेले असले पाहिजेत.

आपल्याकडे हे अशक्य आहे काय? डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणाने रुग्णांच्या पत्नींना उपचारात सामावून घेतले. केवळ भिंतींवर विसंबून ते चालले नाही. परंतु सरकार काय करते? २०१५ साली मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभरांहून अधिक बळी घेतले. काही दिवस प्रेते मोजली गेली, मग विसर पडला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मनोविकारांना मानसिक आजारांत गणले आहे आणि सरकारी सेवेतून उपचार मिळणे हा हक्क ठरविला आहे. हक्क कागदावर असताना आपण दानाच्या विटा रचीत बसावे काय?

म्हणून आमची मागणी अशी : जमणाऱ्या निधीतून काही सरकारी रुग्णालयांत पाच वर्षांसाठी समाजसेवक नेमण्याची परवानगी मिळवावी. दारूच्या रुग्णास वॉर्डातून उपचार केंद्रात, तेथून परत कामावर आणि कुटुंबात नेऊन पोहोचविणे, हेच त्याचे काम. सफाई कामगाराच्या गटाराची तक्रारही त्यानेच नगरपालिकेपर्यंत न्यावी. पाच वर्षांनी हे पद सरकारनेच चालवावे, यासाठी कायद्याचा आधार घेऊन भांडावे. इमारतीवर देणगीदाराचे नाव कोरता येते, समाजसेवकाच्या पगारावर कोरता येत नाही. आम्हांस भीती वाटते ती या मोहाची.

आणि सुरुवात येथूनच व्हावी. योकोहामातील आपल्याही काही घरांत बाटली कपाटामागे असते. पतीच्या व्हिसावर आलेली भगिनी बदनामीच्या भयाने गप्प राहते. भाषा येत नाही म्हणून वॉर्ड कार्यालयाची पायरी चढत नाही. तिच्यासोबत जाऊन दुभाषाचे काम करण्यास आपल्यापैकी किती जण तयार आहेत? सहकाऱ्यांनी टाकून दिलेल्या आजारी भिक्षूला तथागतांनी स्वतःच्या हातांनी धुतले. त्याला आधी शील विचारले नाही.

जय भीम.