नवा डेस्कटॉप आणि मागाहूनची रुखरुख

नवीन वस्तू घेतल्यावर पहिले आठ दिवस कौतुकाचे आणि पुढचा महिना रुखरुखीचा, हा नियम साडीपासून फ्लॅटपर्यंत सगळ्याला लागू आहे. पण कॉम्प्युटरच्या रुखरुखीची सर कशालाच नाही. साडी घेतल्यावर कोणी रोज दुकानात जाऊन तिचा आजचा भाव बघत नाही. डेस्कटॉप घेतलेला माणूस बघतो. पैसे देऊन झालेत, बिल फाइलला लावलंय, रिकामे खोके माळ्यावर गेलेत, आणि हा पठ्ठ्या रात्री साडेअकराला त्याच प्रोसेसरचा रिव्ह्यू पुन्हा बघतोय!

यात नवीन काही नाही म्हणा. लिऑन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली या विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं. निर्णय झाला की मनात दोन परस्परविरोधी गोष्टी नांदायला लागतात, आणि मन त्यातली एक दाबायच्या मागे लागतं. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की नवी गाडी घेतलेली माणसं न घेतलेल्या गाड्यांपेक्षा स्वतः घेतलेल्या गाडीच्याच जाहिराती जास्त वाचतात. म्हणजे खरेदी आधी आणि कारणं नंतर! आपले रात्री साडेअकराचे रिव्ह्यू त्याच जातीचे.

तर मंडळी, २०२५च्या उन्हाळ्यात मी डेस्कटॉप असेंबल करून घेतला. १२ कोअरचा प्रोसेसर, ६४ जीबी रॅम, बरा एसएमपीएस, साधं काळं कॅबिनेट. (आतून इंद्रधनुष्यी दिवे लागणारं कॅबिनेट दुकानदार फारच आग्रहाने देत होता. गणपतीला उपयोगी पडलं असतं.) तेव्हापासून तीन प्रकारच्या रुखरुखी येऊन गेल्या. त्यातल्या दोन बिनकामाच्या होत्या, तिसरी मात्र कामाची निघाली. हा लेख त्या तिसरीसाठी आहे, पण ओळीने जाऊ.

पहिली रुखरुख, किमतीची. "अजून दोन महिने थांबला असतास तर दिवाळी सेलमध्ये स्वस्त मिळाला असता," असं सांगणारे किमान पाच जण भेटले. मीही मान डोलावली. आणि मग गंमत झाली. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटर्सना लागणाऱ्या मेमरीकडे कंपन्यांनी आपलं उत्पादन वळवलं, आणि आपल्यासारख्यांच्या डीडीआर-५ पट्ट्या काही महिन्यांत दुपटीहून महाग झाल्या. डिसेंबर २०२५मध्ये तर मायक्रॉनने 'क्रूशल' हा आपला घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. आता तेच पाच जण म्हणतात, "काय टायमिंग साधलंस लेका!" मी काहीही साधलेलं नव्हतं. निर्णय तोच, माणूस तोच, पण बाजार हलल्यावर वेड्याचा शहाणा झालो. तेव्हा घेतल्यानंतरच्या भावावरून निर्णय तोलायचा नसतो. ज्या दिवशी पैसे दिले त्या दिवशी जे माहीत होतं, तेवढ्यावरच तो तोलावा.

दुसरी रुखरुख, लॅपटॉपची. "आजकाल डेस्कटॉप कोण घेतं?" याचं उत्तर सोपं आहे: ज्याचं टेबल हलत नाही तो. दर अकरा महिन्यांनी लिव्ह अँड लायसन्स संपलं की घर बदलणाऱ्याने, किंवा तीन जणांत एक टू-बीएचके वाटून राहणाऱ्याने डेस्कटॉपच्या नादी लागू नये. वीजही जास्त जाते. मॉनिटरसकट सरासरी १२० वॅट आणि दिवसाचे ८ तास धरले तर रोज साधारण १ युनिट. लॅपटॉप ३० वॅटमध्ये भागवतो, म्हणजे पाव युनिट. महिन्याचे २२ कामाचे दिवस आणि १० रुपये युनिट धरलं, तर फरक जेमतेम १६० ते १७० रुपये. शिवाय यूपीएस हवा, कारण आपल्याकडे पावसाळा आहे. पण त्या बदल्यात काय मिळतं? पाच वर्षांनी एसएमपीएस गेला तर एसएमपीएसच बदलायचा, अख्खं मशीन नाही. रॅम कमी पडली तर पट्टी वाढवायची. आता बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते, जी घ्याल ती शेवटपर्यंत. त्यामुळे हा मुद्दा माझ्यापुरता निकालात निघाला.

आता तिसरी. ही आईने सुरू केली.

आई चार दिवस राहायला आली होती. तिने नवा डबा बघितला, मग टेबलाखाली सरकवलेला जुना बघितला, आणि विचारलं, "जुन्याला काय झालं होतं रे?"

या प्रश्नाला खरं उत्तर एकच होतं: काहीही नाही. जुना डेस्कटॉप २०१६चा. चार कोअरचा आय-५. वाटेत हार्ड डिस्क काढून एसएसडी घातला, रॅम ८ची १६ आणि मग ३२ केली. नऊ वर्षांत एक एसएमपीएस आणि दोन पंखे बदलले. आजही त्यावर लिनक्स व्यवस्थित चालतं. मेल, मराठी टायपिंग, हिशोबाची शीट, सिनेमा, काहीही अडत नाही. नवा घेतला त्याला कारण होतं. आमचा प्रोजेक्ट पूर्ण बिल्ड व्हायला जुन्यावर २५ मिनिटं लागायची, नव्यावर ६ लागतात. दिवसातून चार वेळा बिल्ड करणाऱ्याला हा फरक पगारात मोजता येतो. तेव्हा खरेदीबद्दल माझी तक्रार नाही.

पण आईचा प्रश्न डोक्यात राहिला, कारण तो माझ्या मशीनपुरता नाहीच. जुन्या कॉम्प्युटरना होतं तरी काय?

आपल्यापैकी ज्यांनी नव्वदचं दशक पाहिलंय त्यांना आठवत असेल, तेव्हा कॉम्प्युटर खरोखर म्हातारा व्हायचा. १९९४च्या मार्चमध्ये १०० मेगाहर्ट्झचा पेंटियम आला. २००४च्या नोव्हेंबरात पेंटियम-४ होता ३.८ गिगाहर्ट्झला. दहा वर्षांत ३८ पट! त्या काळात तीन वर्षं जुनं मशीन म्हणजे खरंच जुनं. आणि पुढे? २००४च्याच ऑक्टोबरमध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम-४चा बेत सोडून दिला, कारण उष्णता आवरेना. त्यानंतर १८ वर्षांनी, २०२२मध्ये आलेल्या एएमडीच्या रायझन ९ ७९५०एक्सचा कमाल वेग ५.७ गिगाहर्ट्झ. म्हणजे दीडपट. अर्थात नुसत्या गिगाहर्ट्झवर जाऊ नका. कोअर वाढले, एका ठोक्यात होणारं काम वाढलं, डिस्क तर कुठच्या कुठे गेली. आजचा प्रोसेसर तेव्हाच्यापेक्षा कितीतरी वेगवान आहे हे मान्यच. पण मेल वाचणाऱ्याला, पत्र टाइप करणाऱ्याला २०१६चं मशीन पुरेसं होतं आणि त्याचं काम काही दहापट जड झालेलं नाही. पत्र अजून पत्राएवढंच आहे.

मग जड काय झालं? आपण लिहितो ते सॉफ्टवेअर!

पास्कल या भाषेचा जनक निकलाउस वर्थ याने १९९५ साली यावर एक लेख लिहिला होता. हार्डवेअर जितक्या वेगाने सुधारतंय त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर सुस्तावतंय, असा त्याचा रोख. तीस वर्षं झाली, वर्थही २०२४च्या १ जानेवारीला गेला, पण त्या लेखाचं वय काही होत नाही. आज डेस्कटॉपवरचं चॅटचं अॅप उघडा, नोट्सचं अॅप उघडा, त्यातल्या अनेकांच्या पोटात एकेक अख्खा ब्राउझर बसलेला असतो. तीन अॅप म्हणजे तीन ब्राउझर, शिवाय तुमचा नेहमीचा चौथा. एका भाड्याच्या खोलीत चार बिऱ्हाडं!

याच्या जोडीला सक्तीची निवृत्ती आहे. विंडोज ११ आलं ५ ऑक्टोबर २०२१ला. त्याला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे जानेवारी २०१७मध्ये बाजारात आलेला सातव्या पिढीचा महागडा आय-७ पाच वर्षांचाही झाला नव्हता आणि अपात्र ठरला. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत देण्याची सोय जाहीर झाली, इतकंच. यामागची सुरक्षेची कारणं खोटी आहेत असं मी म्हणणार नाही. पॅच न मिळणारं मशीन नेटला जोडून ठेवणं धोक्याचंच आहे, आणि टीपीएमला उपयोग आहे. पण तालुक्याच्या कॉलेजातल्या लॅबमधली तीस मशीन्स, सीएच्या ऑफिसातली चार, टायपिंग आणि झेरॉक्सच्या दुकानातलं एक, यांच्या बाबतीत हार्डवेअर मेलेलं नसताना तेरावं घातलं जातं. आणि त्याचं बिल भरणारा माणूस तुमच्या-माझ्यासारखा बिल्डची मिनिटं पगारात मोजू शकत नाही.

आता खरा मुद्दा. आपण सॉफ्टवेअरवाले नवा, वेगवान डेस्कटॉप घेतो तेव्हा आपलं काम झपाट्याने होतं, आणि त्याच क्षणी आपण वापरणाऱ्यापासून लांब जातो. आपल्या मशीनवर सगळंच लोण्यासारखं चालतं. संथपणा दिसतच नाही, मग तो दुरुस्त कोण करणार?

हे नुसतं तत्त्वज्ञान नाही. नवा डेस्कटॉप आल्यावर महिनाभराने मी जुना टेबलाखालून काढला, त्यातल्या रॅमच्या पट्ट्या काढून ८ जीबीच ठेवली, आणि आम्ही बनवतो ते अॅप त्यावर चालवून बघितलं. नव्यावर ते ३ सेकंदांत उघडतं. जुन्यावर लागले १९. घड्याळ लावून बसलो, पुन्हा केलं, पुन्हा १९. सोमवारी टीममधल्या एका मुलीला दाखवलं. तिने शोधून काढलं, की सुरुवातीलाच मागच्या सगळ्या नोंदी मेमरीत ओढल्या जातात, स्क्रीनवर लागतात मात्र पहिल्या पन्नास. आम्ही दोघं दोन दुपारी त्यावर बसलो आणि जुन्यावरची वेळ ७ सेकंदांवर आली. नव्यावर? ३चे २ झाले. म्हणजे नव्या मशीनवर बसून हे काम कोणी हातात घेतलंच नसतं. एका सेकंदासाठी कोण दोन दुपारी देणार? पण तालुक्याच्या ठिकाणी बसून तेच अॅप दिवसातून दहा वेळा उघडणाऱ्याचे दर वेळी १२ सेकंद वाचले.

ही युक्ती माझी नाही. ऑक्टोबर २०१५मध्ये फेसबुकने आपल्या ऑफिसात मंगळवारी तासभर २जीच्या वेगाने इंटरनेट वापरून बघण्याची सोय इंजिनियरांसाठी सुरू केली होती, भारतासारख्या देशांतल्या लोकांना आपलं अॅप कसं दिसतं ते कळावं म्हणून. त्या कंपनीबद्दल तुमचं मत काहीही असो, ही कल्पना सोन्यासारखी आहे. आणि आपल्याला त्यासाठी वेगळा खर्चही नाही, कारण प्रत्येकाच्या टेबलाखाली, माळ्यावर किंवा गावच्या घरी एक जुना डबा आहेच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. नवा डेस्कटॉप जरूर घ्या, कामाला लागत असेल तर चांगला दणकट घ्या. घेताना दुकानदाराला दिव्यांबद्दल कमी आणि या सॉकेटवर पुढचा प्रोसेसर बसेल का, रॅमचे किती स्लॉट रिकामे राहतात, याबद्दल जास्त विचारा. (एएमडीच्या एएम-४ सॉकेटवर २०१७चा बोर्ड घेतलेल्या बऱ्याच लोकांना बायोस अपडेट करून २०२२चा प्रोसेसर बसवता आला. पाच वर्षांत नुसता प्रोसेसर बदलला, बाकी सगळं तेच. असे सौदे शोधा.) आणि जुना लगेच भंगारात किंवा एक्स्चेंजच्या हजार-दीड हजारात देऊ नका. त्यावर लिनक्स टाका, रॅम कमी ठेवा, आणि आठवड्यातून एक दुपार आपलंच सॉफ्टवेअर त्यावर वापरून बघा. टीम लीड असाल तर रिलीजच्या आधीच्या यादीत एक ओळ वाढवा: आठ वर्षं जुन्या मशीनवर चालवून पाहिलं का?

मॅनेजर विचारेल, "याचा फायदा काय?" तेव्हा तुमच्या अॅपचे सेकंद मोजून त्याच्यापुढे ठेवा, बाकी वाद घालू नका.

असो. पुढच्या आठवड्यात त्या जुन्यावर ४ जीबीचा प्रयोग करणार आहे. तुमच्याकडेही असा डबा असेल तर काढा बाहेर, फडकं मारा, आणि आकडे कळवा.